विद्यापीठाने काय विसरावं



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव ब्राऊन पद्धतीने होत असे. पन्नाशी ओलांडलेल्यांना ती आठवत असेल. वाचकाला खिशासारखी उघडी तिकिटं मिळत. प्रत्येक पुस्तकात त्याचं एक कार्ड असे. पुस्तक नेताना ते कार्ड वाचकाच्या तिकिटात सरकवायचं आणि ती जोडी परतीच्या तारखेमागे ट्रेमध्ये उभी करायची. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात जाई, तिकीट वाचकाकडे, आणि त्या देवघेवीची नोंद तिथेच संपे. कोणी काय वाचलं होतं, हे पुढे खुद्द ग्रंथपालालाही सांगता येत नसे. ग्रंथालयशास्त्र शिकवताना ही त्या पद्धतीची उणीव म्हणून सांगतात, कारण वाचकाचा इतिहास राहत नाही आणि आकडेवारी काढता येत नाही. आमच्या त्या ग्रंथपाल सरांना मात्र हीच तिची मोठी बाजू वाटायची. पुस्तक परत आल्यावर वाचकाचं आणि ग्रंथालयाचं काही देणं-घेणं उरत नाही, मग नोंद कशाला उरावी, असं ते म्हणत. आज मी जे मांडणार आहे ते याच म्हणण्याला धरून आहे.

महाविद्यालयांसाठी मूडल बसवून देणं आणि ते चालवणं हे माझं काम. नाव परकं वाटलं, तरी इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी ते किंवा त्याच्यासारखी एखादी लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे एलएमएस, वापरलेली असेल. प्राध्यापक त्यावर नोट्स चढवतात, असाइनमेंट तिथेच जमा होते, अंतर्गत गुणांची चाचणी तिथेच होते. मूडल ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे मार्टिन डूगियामस यांनी रचलं आणि २००२ साली त्याची पहिली आवृत्ती आली. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याचे पैसे पडत नाहीत, म्हणून आपल्याकडच्या महाविद्यालयांना परवडतं. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद पडले तेव्हा अशा व्यवस्थांनी शिक्षण चालू ठेवलं, हे मी कृतज्ञतेने सांगतो. मी या साधनाच्या विरोधात बोलायला उभा नाही.

मात्र हे साधन काय काय लिहून ठेवतं, ते ऐका. विद्यार्थ्याने एखादं पान उघडलं की लॉगमध्ये एक ओळ पडते. त्या ओळीत वेळ असते, पूर्ण नाव असतं, कोणत्या विषयाच्या कोणत्या घटकात तो गेला आणि तिथे त्याने काय केलं हे असतं. तो वेबवरून आला की मोबाइल अ‍ॅपवरून, आणि त्याचा आयपी पत्ता कोणता, हेही असतं. पाहिलेल्या प्रत्येक पानाची अशी एक ओळ. सत्र संपेपर्यंत एकेका विद्यार्थ्याच्या नावावर हजारो ओळी जमू शकतात. त्या किती दिवस ठेवायच्या हे ठरवण्याचा पर्याय अ‍ॅडमिनला असतो. त्याला कोणी हात लावला नाही, तर 'कधीही पुसू नका' हीच निवड कायम राहते. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी कोणी हात लावलेला नसतो. २०२० साली प्रथम वर्षाला असलेला मुलगा आज नोकरीला लागला असेल, पण त्या वर्षी कोणत्या रात्री किती वाजता त्याने कोणता व्हिडिओ उघडला, हे त्याच्या जुन्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवर तसंच पडून आहे.

या ओळी एकामागून एक वाचल्या की माणूस दिसू लागतो. रोज रात्री एक ते तीन या वेळातच लॉगिन करणारा मुलगा बहुधा कुठेतरी पाळीत काम करतो. वर्षातला एकच महिना पहाटे चारला दिसणारी मुलगी रोजे ठेवते, हेही कळतं. परीक्षेच्या तोंडावर दहा दिवस गायब असलेली विद्यार्थिनी आजारी होती, की घरी लग्नाची बोलणी चालली होती, हे लॉगला माहीत नसतं. लॉग वाचणारा मात्र अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजावर तिला गुण देतो.

अंदाज किती चुकतो, हे आपल्याच वर्गात पाहता येईल. एखादे प्राध्यापक येऊन म्हणतात, 'साठातल्या चाळीस जणांनी माझी पीडीएफ उघडलीच नाही, यांना सहभागाचे गुण कसे देऊ?' खरी गोष्ट अशी असते की वर्गप्रतिनिधीने ती फाइल एकदा उतरवून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली असते आणि सगळ्यांनी ती तिथे वाचलेली असते. ज्याच्या गावात नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागतं, तो एकदाच जातो, सगळं उतरवून घेतो आणि आठवडाभर घरी वाचतो. लॉगमध्ये तो आठवड्यातून सात मिनिटं दिसतो. वसतिगृहाच्या वायफायवरून शंभर मुलं आली तरी सर्व्हरला आयपी पत्ता एकच दिसतो. मोबाइल डेटावरही अनेक ग्राहक एका पत्त्यामागे असतात. दोन विद्यार्थ्यांनी एकाच पत्त्यावरून चाचणी दिली, एवढ्यावरून त्यांनी एकत्र बसून नक्कल केली असं ठरवणं हा सरळ अन्याय आहे. हा अन्याय कुठवर जाऊ शकतो, याचं एक उदाहरण सविस्तर सांगतो.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात डार्टमथ हे जुनं, नावाजलेलं विद्यापीठ आहे. त्याच्या गायझेल वैद्यकीय महाविद्यालयात करोनाच्या काळात परीक्षा दूरस्थ पद्धतीने झाल्या. परीक्षा चालू असताना काही विद्यार्थ्यांनी दुसऱ्या उपकरणावर अभ्याससाहित्य उघडून पाहिलं असावं, असा संशय आला. तिथे कॅन्व्हस ही एलएमएस वापरतात. प्रशासनाने विद्यार्थ्यांना न सांगता मागच्या परीक्षांच्या वेळचे कॅन्व्हसचे लॉग तपासायला घेतले. आधी अडतीस जणांवर संशय होता, आणि मार्च २०२१ मध्ये त्यांतल्या सतरा जणांवर नक्कल केल्याचा आरोप ठेवला गेला. विद्यार्थ्यांचं म्हणणं असं की उत्तर द्यायला त्यांना ४८ तासांहून कमी वेळ मिळाला, पूर्ण लॉग दाखवले गेले नाहीत, आणि ऑनलाइन सुनावणीत काहींना आपली बाजू मांडायला दोनच मिनिटं मिळाली. सात जणांवरचे आरोप मागे घेतले गेले. उरलेल्या दहा जणांपैकी कोणाला काढून टाकलं, कोणाला निलंबित केलं, तर कोणाला विषयात नापास करून नोंदीवर गैरवर्तनाचा शेरा मारला. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या आयुष्यात अशा शेऱ्याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

मग जाणकारांनी ते लॉग पुन्हा वाचले. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने पाहिले, न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनीही पाहिले. लॅपटॉपवर किंवा फोनवर कॅन्व्हसचं पान नुसतं उघडं राहिलं असेल, तर कोणी हात न लावताही ते उपकरण सर्व्हरशी बोलत राहतं. सर्व्हर त्याची नोंद करतो, आणि त्या नोंदीत 'विद्यार्थ्याने साहित्य पाहिलं' असं दिसतं. मूल परीक्षेला बसलेलं असतं आणि शेजारच्या खोलीतला लॅपटॉप त्याच्याविरुद्ध साक्ष देत असतो. कॅन्व्हसच्या स्वतःच्या मदतपानांवर चाचणीच्या लॉगबद्दल आधीपासून लिहिलेलं होतं की ही सोय तांत्रिक अडचणी शोधण्यासाठी आहे, नक्कल ओळखण्यासाठी नाही. जून २०२१ मध्ये अधिष्ठात्यांनी सगळे आरोप मागे घेतले आणि विद्यार्थ्यांची माफी मागितली.

या प्रकरणात तांत्रिक गैरसमज झाला हे खरं आहे. पण लॉग तांत्रिकदृष्ट्या अचूक असते, तरीही मला ही गोष्ट मान्य झाली नसती. ते लॉग अध्यापन सुरळीत चालावं म्हणून होते. विद्यार्थ्याने लॉगिन केलं ते शिकायला. त्याच्याविरुद्ध खटला उभा करण्यासाठी त्याच नोंदी, त्याला न सांगता, महिन्यांनंतर उपसल्या गेल्या. माहिती ज्या कामासाठी घेतली ते काम सोडून ती दुसऱ्याच कामाला लागली, आणि तशी ती लागू शकली कारण ती पुसलेली नव्हती.

माहितीचं काम कसं बदलतं याचं आणखी एक उदाहरण अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यातलं आहे. माउंट सेंट मेरीज विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली भरायला दिली. स्वतःला अधिक ओळखण्यासाठी ही मदत होईल, असं मुलांना सांगण्यात आलं. जानेवारी २०१६ मध्ये विद्यार्थ्यांनी चालवलेल्या 'माउंटन एको' या वृत्तपत्राने उघड केलं की अध्यक्ष सायमन न्यूमन यांना या उत्तरांवरून कोण शिक्षण सोडेल ते हेरायचं होतं, आणि सरकारला आकडे कळवण्याच्या तारखेआधीच अशा मुलांना बाहेर काढायचं होतं. गळती कमी दिसली की विद्यापीठाची प्रतिष्ठा वाढते. प्राध्यापकांनी विरोध केला, बातमी देशभर गाजली, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस न्यूमन यांनी राजीनामा दिला. कोण मागे पडतंय हे ओळखणारी माहिती तीच असते. तिच्या आधाराने मुलाला हात देता येतो आणि दारही दाखवता येतं.

म्हणूनच 'आम्ही विद्यार्थ्यांच्या भल्यासाठी लॉग पाहतो' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. भलं होत नाही असं मी म्हणत नाही. तीन आठवडे न दिसलेल्या मुलीला एखाद्या मॅडमनी फोन केला आणि ती परत वर्गात आली, असं घडतं आणि ते घडत राहावं. पण त्यासाठी तीन आठवड्यांची उपस्थिती पुरते, तीन वर्षांचा मिनिटामिनिटाचा हिशेब लागत नाही. भलं झाल्याचा दावाही तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 'कोर्स सिग्नल्स' नावाची व्यवस्था आणली होती. एलएमएसमधल्या हालचालींवरून प्रत्येक विद्यार्थ्यापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लागायचा, आणि त्यामुळे गळती मोठ्या प्रमाणावर घटल्याचा दावा होता. २०१३ मध्ये अभ्यासकांनी त्या दाव्यातली खोट दाखवली. जो जास्त सत्रं टिकतो त्याच्या वाट्याला सिग्नल्स असलेले जास्त विषय आपोआप येतात. म्हणजे टिकण्यामुळे सिग्नल्स वाढले होते, आणि दावा उलटा केला गेला होता.

आता आपल्या घरातली गोष्ट. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत विद्यार्थ्याच्या माहितीत जात असते. प्रवेश अर्जात प्रवर्ग असतो, जातीचा दाखला असतो, उत्पन्न असतं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र असतं. हे सगळं एका हक्कासाठी घेतलेलं असतं. राखीव जागा मिळावी, महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती यावी, म्हणून विद्यार्थी ते देतो. हक्क मिळवायला दिलेली ही माहिती मग एकाच एक्सेल शीटमध्ये पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि ईमेलच्या शेजारी बसते. एलएमएसवर खाती उघडायची वेळ आली की कार्यालय तेच शीट जसंच्या तसं पाठवतं. खातं उघडायला नाव, पीआरएन आणि ईमेल पुरतात. पण शीट आलेलं असतं अख्खं. ते विभागप्रमुखांच्या मेलमध्ये राहतं, कंत्राटी तंत्रज्ञाच्या पेनड्राइव्हवर राहतं, कधी प्रवर्गाचा रकाना थेट विद्यार्थ्याच्या प्रोफाइलमध्ये चढतो. शिष्यवृत्तीचे अर्ज अपुरे असलेल्यांची यादी प्रवर्गासह वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. नॅकच्या मूल्यांकनाला पुरावा हवा म्हणून विद्यार्थ्यांच्या नावांच्या याद्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढवल्या जातात आणि समितीचं काम संपून वर्षं उलटली तरी तिथेच राहतात. नाव टाकून शोध घेतला की कोणालाही सापडतात, नोकरी देणाऱ्यालाही आणि स्थळ पाहणाऱ्यालाही.

हा कारकुनी निष्काळजीपणा आहे असं म्हणून सोडून देता येणार नाही. प्रवेश परीक्षेतली रँक विचारून समोरच्याचा प्रवर्ग काढण्याची रीत आपल्या उच्च शिक्षणसंस्थांत आहे. आयआयटी मुंबईला २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढून सांगावं लागलं की एकमेकांना रँक विचारू नका, जात काढू नका. एम्समधल्या दलित आणि आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला, त्यालाही आता बराच काळ झाला. जिथे जात कळली की वागणूक बदलते, तिथे प्रवर्गाचा रकाना कोणाला दिसतो हा प्रश्न प्रतिष्ठेचा आहे, आणि मुलांच्या जिवाचाही आहे.

कायद्याचं काय, असं तुम्ही विचाराल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कशासाठी माहिती घेतो ते सांगा, तेवढीच घ्या, काम संपलं की पुसा, असं कायद्याचं सर्वसाधारण सूत्र आहे. अठराच्या आतल्या मुलांचा माग ठेवायला त्यात मनाई आहे, पण नियमांनी शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि सुरक्षिततेपुरती सूट दिली आहे. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात आणि अनेकदा त्याच सर्व्हरवर असतात, त्यामुळे ही सूट कुठवर ताणली जाते याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागेल.

यातली खरी अडचण कलम १७ मध्ये आहे. पुसण्याची जबाबदारी 'राज्य' आणि राज्याची अंगं यांना लागू नाही, असं त्याच्या चौथ्या उपकलमात म्हटलं आहे. 'राज्य' म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १२ मधलं राज्य, आणि कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं त्यात मोडतात. म्हणजे एखाद्या खासगी शिकवणीच्या अ‍ॅपला विद्यार्थ्याची माहिती काम संपल्यावर पुसावी लागेल, पण आपल्या सार्वजनिक विद्यापीठाला ती पुसण्याची सक्ती नाही. संसदेने ही सूट का दिली याची कारणं असतील. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहता मला ती चूक वाटते.

संमती घेतली की झालं, असंही काही जण म्हणतात. इटलीतल्या बोक्कोनी विद्यापीठाने परीक्षेसाठी कॅमेऱ्याने देखरेख करणारं सॉफ्टवेअर वापरलं होतं आणि विद्यार्थ्यांची संमती घेतली होती. तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने सप्टेंबर २०२१ मध्ये विद्यापीठाला दोन लाख युरो दंड केला. परीक्षा द्यायची तर होकार द्यावाच लागतो, अशा वेळी तो होकार मोकळेपणाने दिलेला मानता येत नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेत ओहायोतल्या संघीय न्यायालयाने क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात परीक्षेआधी विद्यार्थ्याला खोली कॅमेऱ्यातून दाखवायला लावणं ही बेकायदा झडती ठरवली. आपल्या विद्यापीठांनीही करोनाकाळात कॅमेरा लावून परीक्षा घेतल्या. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांचं कुटुंब राहत असेल, तर परीक्षार्थीबरोबर त्या सगळ्यांचं घर त्या कॅमेऱ्यासमोर येतं. त्यांना कोणी विचारलं होतं?

विद्यापीठाने सगळंच विसरावं असं माझं म्हणणं नाही. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे किती घरांतली कागदपत्रं भिजून गेली. अशा वेळी विद्यापीठाने पन्नास वर्षांपूर्वीचीही गुणपत्रिका काढून दिली पाहिजे. पदवी, गुण आणि श्रेयांक हे विद्यार्थ्याचं मिळवलेलं धन आहे आणि ते कायम जपणं विद्यापीठाचं कर्तव्य आहे. श्रेयांकांची बँक आली, अपार क्रमांक आला, त्यामागे हाच विचार सांगितला जातो. पण शाळेपासून विद्यापीठापर्यंत एकच क्रमांक चालू लागला की त्याला काय काय जोडता येईल, हा प्रश्न आजच विचारायला हवा. श्रेयांक जोडा. रात्री दोनला उघडलेलं पान जोडू नका.

या सभागृहात अधिसभेचे सदस्य आहेत, विद्यापरिषदेवरचे प्राध्यापक आहेत. कायदा सार्वजनिक विद्यापीठाला पुसायला लावत नाही, पण पुसू नका असंही म्हणत नाही. सुरक्षेसाठी लॉग एक वर्ष ठेवा, असं नियम म्हणतात. मग एलएमएसचा लॉग एक वर्षानंतर पुसला जाईल, आणि त्या वर्षातही तो शिस्तभंगाच्या कारवाईत एकमेव पुरावा म्हणून चालणार नाही, असं विद्यापीठ स्वतः ठरवू शकतं. कोणाविरुद्ध लॉग वापरायचाच झाला, तर तो आधी त्या विद्यार्थ्याच्या हातात पूर्ण द्यावा आणि तो वाचू शकणारा माणूस त्याच्या बाजूने बसवावा. प्रवर्गाचा रकाना शिष्यवृत्ती कक्षाच्या बाहेर जाऊ नये. सेवा पुरवणाऱ्या कंपनीशी करार करताना मुदत संपल्यावर माहिती पुसल्याचा दाखला मागावा. कंपन्या विकल्या जातात, हेही ध्यानात असू द्या. कॅन्व्हसची मालक असलेली इन्स्ट्रक्चर कंपनी २०२० मध्ये एका गुंतवणूक कंपनीने घेतली आणि २०२४ मध्ये दुसरीने. विद्यार्थ्याने विश्वास विद्यापीठावर टाकलेला असतो, या खरेदीदारांवर नाही.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. मूडलमध्ये लॉगची मुदत बदलायला अ‍ॅडमिनला काही मिनिटं लागतात. ज्या प्राध्यापकांच्या हाती ही व्यवस्था आहे त्यांनी उद्या महाविद्यालयात गेल्यावर तो पर्याय उघडून पाहावा आणि प्राचार्यांशी बोलावं. विद्यार्थ्यांनो, 'माझ्याबद्दल तुमच्याकडे काय नोंदलेलं आहे, ते कोणाला दिसतं आणि कधी पुसलं जाईल?' असा लेखी अर्ज तुम्ही महाविद्यालयाकडे करू शकता, आणि तो करा. अधिसभा सदस्यांना माझी हात जोडून विनंती आहे की एलएमएसच्या नोंदींची मुदत ठरवणारा ठराव येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आणावा. त्याचा मसुदा करायला मी कधीही येईन.